न भरणारी जखम

(मठाच्या वर्धापनदिनानिमित्त बऱ्हाणपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी ‘मनावरील आघात’ हा विषय मी का घेतला, असे उत्सव समितीतील एका स्नेह्यांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्सवात मंगल बोलावे ही आपली रीत. परंतु मी व्यवसायाने वैद्य. चाळीस वर्षे याच शहरात लोकांच्या नाड्या पाहण्यात गेली. या सभामंडपात येऊन जे खांबाला टेकून बसतात, त्यांतील कित्येक आधी माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढून आलेले असतात. माझ्या औषधाने ज्यांना उतार पडत नाही ते पुढे इकडे येतात, हे मी ओळखून आहे. म्हणजे मठाचा आणि माझा रोगी बहुधा एकच. त्याच्याविषयी आपण उभयतांनी एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावे, एवढाच आजचा हेतू.

आरंभ आपल्या शेजारच्या असीरगडापासून करतो. येथून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या त्या गडावर अश्वत्थामा हिंडतो, पहाटे गुप्तेश्वराच्या पिंडीवर फूल वाहून जातो, आणि कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो, ही कथा आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली असेल. आमच्या घरी अभ्यंगाच्या दिवशी आजी तेलाचा पहिला थेंब जमिनीवर सोडी व तो अश्वत्थाम्याचा म्हणे. मला त्या वेळी भीती वाटे. आज वाटते ती वेगळी गोष्ट.

सौप्तिकपर्व पुन्हा काढून वाचावे. अश्वत्थामा हा निरपराध नव्हे. द्रौपदीच्या पाच पुत्रांना त्याने रात्री मारिले. या कृत्याला क्षमा नाही. परंतु त्या रात्रीपूर्वी त्याच्या बाबतीत काय घडले होते? पित्याचा वध, तोही कपटाने, आणि त्या कपटासाठी वापरले गेलेले नाव खुद्द त्याचेच. ज्याला स्वतःला असह्य घाव बसला आहे तो कधी कधी दुसऱ्यावर घाव घालतो, हे व्यासांना पुरते ठाऊक होते. एवढ्याने त्याचा अपराध कमी होत नाही. अपराधाची वाट मात्र दिसते. पुढे कृष्णाने जो शाप दिला त्याचे तीन भाग आहेत. पहिला, शरीराची दुर्गंधी व व्याधी. दुसरा, तीन सहस्र वर्षे निर्जन प्रदेशातून भटकणे. आणि तिसरा, ज्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही, तो असा की, या साऱ्या काळात त्याला कोणाशीही कोठेही संभाषण करता येणार नाही. माझ्या अनुभवाने सांगतो की, तिन्हींत भयंकर तो तिसरा. व्याधी आणि भटकंती माणसे सोसतात. ऐकणारा कोणीच नसणे, हे मात्र सोसवत नाही. आणि पहिले दोन भाग दैवाच्या हाती असतील तर असोत. तिसरा शाप आपण माणसेच एकमेकांना देत असतो, आणि तो मागे घेणेही आपल्याच हाती आहे.

आता पुराण सोडून इतिहासाकडे येतो. तोही याच गावचा आहे.

१६३० साली शाहजहान बादशहा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास येऊन राहिला. ते वर्ष घोर दुष्काळाचे. गुजरात, खानदेश व दक्षिण यांना त्या दुष्काळाने असे ग्रासले की, त्याच साली सुरतेहून बऱ्हाणपुरास आलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवर ठायी ठायी पडलेल्या प्रेतांचे व ओस पडलेल्या वस्त्यांचे जे वर्णन लिहून ठेविले आहे ते आजही एका बैठकीत वाचून होत नाही. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडविले. आपल्या राज्यारोहणाचा वार म्हणून दर सोमवारी येथे पाच हजार रुपये गरिबांस वाटण्याचा हुकूम केला, व अशा वीस सोमवारी मिळून एक लाख रुपये वाटले गेले, असे दरबारी बखरकार अभिमानाने नमूद करतो.

त्यानंतर १६३१ च्या जून महिन्यात याच बऱ्हाणपुरात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरती मूठमाती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्र्यास नेला. बादशहाच्या शोकाची नोंद तवारिखांत बारकाईने केलेली आहे. आठवडाभर तो दरबारात आला नाही. ज्याच्या दाढीत मोजके पांढरे केस होते ती दाढी थोड्याच काळात पांढरी झाली. गायन, अलंकार व उंची वस्त्रे त्याने दोन वर्षे वर्ज्य केली. रडून रडून डोळे अधू झाले व चष्मा लागला, असेही म्हटले आहे. यात दरबारी अतिशयोक्ती किती याचा हिशेब इतिहासकारांनी करावा. मला एवढेच दिसते की, एका माणसाच्या मनावर घाव बसला, आणि तो झोपेत, डोळ्यांत, केसांत, वस्त्रांत कसा उतरला हे पाहून लिहून ठेवण्यासाठी पदरी लेखक होते. बादशहाला शोकासाठी आठवडा मिळाला, दोन वर्षे मिळाली, वीस-बावीस वर्षे चाललेले बांधकाम मिळाले.

त्याच वर्षी त्याच तापीकाठी सोमवारच्या वाटपाच्या रांगेत उभ्या असलेल्या विणकराला काय मिळाले? ज्याचे घर दुष्काळाने रिकामे केले होते त्यालाही रात्री झोप नसेल. त्यालाही कोणाची हाक ऐकू येत असेल. त्याला रुपया मिळाला असेल, शिधा मिळाला असेल. ही थोडी गोष्ट नव्हे, भुकेल्याला आधी अन्नच द्यावे लागते. परंतु ‘तुझ्या घरी कोण कोण होते?’ असे त्याला कोणी विचारल्याची नोंद नाही. आजही आपत्तीनंतर नुकसानीचा पंचनामा होतो, त्यात भिंती व गुरे मोजली जातात. मनाचा पंचनामा आपण अजून नीट शिकलेलो नाही.

या दुष्काळाचा आणखी एक साक्षीदार दूर इंद्रायणीकाठी होता, आणि तो मात्र बोलला. देहूचे तुकोबा. त्या वर्षांत व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, लोकांत मान राहिला नाही, पहिली पत्नी रखमाबाई भुकेने गेली, पाठोपाठ मुलगा संतोबा गेला. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून, काही न झाकता, लाजेसुद्धा सांगितले आहे. संताला रुग्ण ठरविण्याचा माझा हेतू नाही. तसा आरोप कोणी करू नये. मला जो विचार करावासा वाटतो तो त्यांनी पुढे काय केले, याचा. ते भामनाथाच्या डोंगरावर एकान्तात गेले. म्हणजे आधी मन स्थिर होण्यास जागा शोधली. मग गावातील मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करण्यास हात लाविला. म्हणजे हातांना काम दिले. मग पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली, कीर्तनात दुसऱ्याच्या मागे धृपद धरिले. म्हणजे आपले शब्द नव्हते तोवर इतरांच्या शब्दांच्या आधाराने उभे राहिले. आणि मग केव्हा तरी स्वतःचा कंठ फुटला. जुडिथ हर्मन या अमेरिकन मनोवैद्य विदुषीने १९९२ साली आघात व त्यातून सावरणे यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : सुरक्षितता; घडलेल्याचे स्मरण आणि त्याचा शोक; आणि पुन्हा जगाशी नाते. तो ग्रंथ वाचताना मला बोस्टनपेक्षा देहूच अधिक आठवली. यातील दुसरी पायरी आपण नेहमी गाळतो. एकान्त आपल्याला मान्य आहे, कामात गुंतणे मान्य आहे. शोकाचा उच्चार आपल्याला अवघड वाटतो. तुकोबांनी तो केला.

शास्त्राने या घावाला नाव देण्यास फार उशीर केला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेले सैनिक थरथर कापत, मुके होत, झोपेत किंचाळत. चार्ल्स मायर्स या डॉक्टराने १९१५ साली त्यास ‘शेल शॉक’ या नावाने वैद्यकीय वाङ्मयात आणिले. सेनापतींपैकी अनेकांना तो भित्रेपणा वाटला आणि अशा काही सैनिकांना पळपुटे म्हणून गोळ्याही घालण्यात आल्या. पुढे व्हिएतनामच्या युद्धातून आलेल्या सैनिकांनी व अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चळवळींनी आग्रह धरिला, तेव्हा कोठे १९८० साली अमेरिकेतील मनोवैद्यांच्या संघटनेने आघातोत्तर विकार हा आपल्या अधिकृत यादीत घेतला.

हा विकार म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या मेंदूत भयाची घंटा वाजविणारा एक लहानसा भाग आहे, त्यास अमिग्डाला म्हणतात. साप दिसला की विचार करण्यापूर्वीच पाय मागे सरतो, हे त्याचे काम. त्याच्या शेजारी दुसरा एक भाग, हिप्पोकॅम्पस, आठवणींवर स्थळकाळाची नोंद करतो : हे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी घडले आणि संपले. जिवावरच्या प्रसंगी घंटा इतक्या जोराने वाजते की, नोंद करणाऱ्या कारकुनाचा हात थांबतो. मग ती आठवण तारीख न घातलेल्या कागदासारखी दप्तरात पडून राहते. एखादा वास, एखादा आवाज आला की कागद उडतो, आणि शरीराला वाटते, हे आताच घडत आहे. छाती धडधडते, घाम फुटतो, झोप उडते. कोणी सदैव सावध राहतो, दार तीनतीनदा तपासतो. कोणी उलट दगडासारखा होतो, लेकराच्या लग्नातही त्याला आनंद शिवत नाही. घरचे म्हणतात, हा बदलला. तो बदललेला नाही. तो अजून तेथेच अडकलेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. ज्याच्यावर संकट कोसळले तो प्रत्येक जण आजारी पडतो, असे मुळीच नाही. बहुसंख्य माणसे आप्तांच्या आधाराने काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतात. थोड्यांची जखम मात्र मिटत नाही. ती कोणाची मिटत नाही हे धैर्यावर ठरत नाही. आघात किती वेळा झाला, तो माणसाने केला की निसर्गाने, वय कोवळे होते काय, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर पाठीशी कोण उभे राहिले, यांवर ते पुष्कळसे अवलंबून असते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची कथा सांगतो. ती सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसे मेली, लाखोंना बाधा झाली. डोळे आणि फुप्फुसे यांच्यावरील उपचारांसाठी वैद्यकीय पथके धावली. त्यांत मनोवैद्य नव्हता. १९८५ च्या आरंभापासून बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील व लखनौच्या मनोवैद्यांनी वस्त्यांतून पाहणी केली, तेथील दवाखान्यांच्या डॉक्टरांना शिकविले, आणि १९८७ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शिकाही काढली. आपत्तीनंतर मनाकडे पाहण्याचा आपल्या देशातील हा पहिला मोठा पद्धतशीर प्रयत्न, आणि तो आपल्याच प्रान्ताच्या राजधानीत झाला.

मला याचा पत्ता नव्हता. त्या घटनेनंतर एकदोन वर्षांनी भोपाळहून भावाकडे राहावयास आलेली एक बाई माझ्या दवाखान्यात येऊ लागली. तक्रार ठरलेली : धडधड, धाप, झोप नाही. धाप वायूची, हे मला कळले. तपासले, औषध दिले. बाकीच्याला मी ‘नर्व्हस’ म्हणून शक्तीची इंजेक्शने देत राहिलो. एकदा तिची भावजय सांगू लागली की, शेजारी मिरचीची फोडणी पडली तरी ही मध्यरात्रीसुद्धा उठते, मुलांना खेचून रस्त्यावर आणते. मी हसलो, असे मला स्मरते. त्या रात्री भोपाळात लोकांना प्रथम मिरच्या जळाल्यासारखाच वास व झोंब जाणवली होती, हे मी पुढे वाचले. हसून मी तिला म्हटले, “बाई, झाले ते झाले. देवाने वाचविले ना? आता विसरून जा.” ती मान हलवून गेली आणि पुन्हा आली नाही.

तीनचार वर्षांनी तिचा भाऊ बाजारात भेटला. बहीण परत भोपाळास गेली, म्हणाला. मग उभ्या उभ्या त्याने सांगितले की, त्या रात्री धावताना गर्दीत तिच्या हातून धाकट्या मुलीचा हात सुटला होता. “डॉक्टरसाहेब, आपल्याला तर ठाऊकच असेल,” असे तो म्हणाला. मला ठाऊक नव्हते. वर्षभर ती माझ्या समोरच्या स्टुलावर बसत होती आणि मी तिला एकदाही विचारले नव्हते. ‘विसरून जा’ या माझ्या शब्दांचा तिने काय अर्थ घेतला असेल, हे आता आपणांस निराळे सांगावयास नको. अश्वत्थाम्याच्या शापाचा तिसरा भाग मी तिला दिला. पांढरा कोट घालून दिला.

आपल्या पूर्वजांनी शोकाची व्यवस्था केली नव्हती असे नाही. दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. तेरा दिवस माणसे येऊन बसतात, तीच तीच हकिगत पुन्हा पुन्हा विचारतात, आणि घरचे पुन्हा पुन्हा सांगतात. शहरी सुशिक्षितांना हा छळ वाटतो. मला यात मोठे शहाणपण दिसते. तारीख नसलेल्या कागदावर तारीख घालण्याचाच तो विधी आहे. परंतु ज्यांना तेरावा नाही अशी दुःखे कितीतरी आहेत. जिच्यावर बलात्कार झाला तिच्याकडे कोण समाचारास येतो? ज्याचे घर दंग्यात जळले, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याची हकिगत कोण दोनदा ऐकतो? कर्जापायी ज्याने विष घेतले त्याच्या विधवेकडे विदर्भात काय, खानदेशात काय, लोक सांत्वनास येतात ते अर्धे चौकशीसाठी. रूळावर देह पाहिलेला इंजिनचालक दुसऱ्या दिवशी गाडीवर असतो. बालपणी घरातच ज्याला मार बसला, त्याचे तर कोणी मेलेलेच नसते. या सर्वांची जखम वाहते, आणि तिला गावात नाव नाही.

हे लोक शेवटी मठात येतात. म्हणून, महाराजांची क्षमा मागून, दोन गोष्टी बोलतो. पुत्रशोकाने बसलेल्या मातेला ‘हे पूर्वकर्माचे फळ’ असे आपल्या प्रवचनांतून सहज सांगितले जाते. कर्मसिद्धान्तावर वाद घालण्याइतके माझे अध्ययन नाही. तो सिद्धान्त स्वतःच्या दुःखाला लावणाऱ्यास बळ देत असेल. दुसऱ्याच्या दुःखाला लाविला की तो आरोप होतो. माझी ती रोगी आधीच स्वतःला अपराधी समजत होती. तिला आणखी एक न्यायाधीश नको होता.

दुसरी गोष्ट याच्या उलट टोकाची. ऐकावे म्हणजे खोदून विचारावे, असे नव्हे. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला बसवून सर्व वृत्तान्त वदवून घेण्याची एक पद्धत मध्यंतरी पश्चिमेत रूढ झाली होती. तिने लाभ होत नाही, काहींना अपायही होतो, असे दिसून आल्यावर ती मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सामान्य कार्यकर्त्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिचे सार तीन क्रियांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे काय, जेवला आहे काय हे पाहा. तो बोलेल तेवढे ऐका, गप्प बसला तर सोबत गप्प बसा. आणि ज्याची त्याला गरज आहे तेथे, आप्तांकडे वा डॉक्टरकडे, पोचवून द्या. यास पदवी लागत नाही. महिना दोन महिने उलटूनही झोप येत नसेल, प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र जाणत्या माणसाकडे न्यावे. सुरक्षित जागी, थोडे थोडे करून, त्या आठवणीकडे पाहावयास शिकविणाऱ्या उपचारपद्धती आज सिद्ध झालेल्या आहेत. काहींना औषधांचाही गुण येतो. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्री विनामूल्य बोलता येते, आणि आपल्या भाषांतून बोलता येते. हा क्रमांक मठाच्या दर्शनी भिंतीवर, अन्नछत्राच्या वेळापत्रकाशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहावा, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. रंगाऱ्याचा खर्च मी देईन.

आणखी एक विनंती आहे. मठाच्या ओसरीचे नदीकडचे टोक संध्याकाळी रिकामे असते. तेथे एक बाक ठेवू द्यावा. दर गुरुवारी आरतीनंतर तासभर मी तेथे येऊन बसेन. दवाखान्याची पिशवी बरोबर आणणार नाही. कोणी आले तर ऐकेन. कोणी नाही आले तरी बसेन. आपल्यापैकी दोघे-तिघे सोबतीला आले, विशेषतः भगिनींपैकी कोणी, तर फार बरे होईल. कारण काही गोष्टी माझ्यासारख्या म्हाताऱ्या पुरुषाला कोणी सांगणार नाही. येत्या गुरुवारपासून आरंभ करण्याचा विचार आहे. महाराजांनी होकार दिला आहे. बाक तेवढा आणवयाचा राहिला आहे.